नावाड्याबद्दल बारकीचं मत

बारकीने पन्नाशी ओलांडली तरी गल्लीच्या तोंडी ती बारकीच राहिली. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव. चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ते काही सुटलं नाही. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रारी करायला तिच्याकडे याहून मोठे विषय होते.

पोटासाठी ती कवळ्या करायची. दंतवैद्य नव्हे, दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन पाठवून देतात आणि मोकळे होतात. त्या मापात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेण बसवायचं, मेणात एकेक दात रोवायचा आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या आणायच्या, हे सगळं ज्या खोलीत होतं त्या खोलीत ती बसायची. औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. खिडकीशी लांब टेबल, त्यावर मेण वितळवायचा गॅसचा दिवा, कोरायच्या सुऱ्या, पॉलिशचं फिरतं चाक, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. कोणाची कवळी, कोणाची कॅप, कोणाचा ब्रिज. माणसांचे चेहरे तिला दिसायचेच नाहीत, नुसती तोंडं यायची. "माणूस बोलायच्या आधीच मला कळतो," असं ती म्हणायची. त्यावर कामावरचे मालक म्हणायचे, "बोलल्यावर तुझं त्याच्याशी पटत नाही, म्हणून देवाने अशी सोय केली."

पण जीव होता तो पुतळ्यांत. ती लहान असताना एक सिनेमा आला होता. धुक्याचा राक्षस सूर्य गिळतो, सगळं राज्य अंधारात बुडतं, आणि एक मुलगी तीन डोळ्यांच्या घोड्याला बरोबर घेऊन सूर्य सोडवायला निघते. पुढे त्या सिनेमातल्या पात्रांचे वीतभर उंचीचे पुतळे निघाले. हातपाय वळणारे, अंगावर खरं कापड, खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी. ते जमवणारी माणसं जगभर आहेत, चांगली मिशा पिकलेली. बारकी त्यांतलीच एक. गल्लीतले लोक त्यांना बाहुल्या म्हणायचे आणि बारकीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "बाहुली कोणाचीच नसते," ती म्हणायची. "हा कोणाचा तरी पुतळा आहे. कोणाचा तरी आहे म्हटल्यावर तो तसा दिसायला नको?"

बाजाराच्या टोकाला एक खेळणीवाला होता. खाली पोरांची खेळणी आणि माळ्यावरच्या कपाटात जमवणाऱ्यांचे पुतळे. त्याने दुकानाचं एक पान इंटरनेटवर उघडलं होतं. नवा पुतळा आला की तो फोटो टाकायचा आणि खाली गिऱ्हाइकांनी आपलं मत लिहायचं. बाकीचे लिहायचे 'छान', 'मस्त', 'कधी मिळेल'. बारकी एका बोटाने टाइप करत निबंध लिहायची. राणीचा पुतळा आला तेव्हा तिने लिहिलं: 'मुकुट बरा आहे. पण दात बघा. बाई तीन लढाया करून आली, वाळवंटात तिला प्यायला पाणी नव्हतं, आणि दात मात्र टूथपेस्टच्या जाहिरातीतले. इतके सारखे दात मी कवळीतसुद्धा लावत नाही, लोकांना संशय येतो.' घोड्याबद्दल तिचं मत होतं: 'तिसरा डोळा कपाळात हवा, तो भुवईत घुसवलाय. शिंकता शिंकता फोटो काढल्यासारखा दिसतो.' राक्षसाला तिने एका ओळीत वाटेला लावलं. 'भीती वाटत नाही, याला अपचन झालंय असं वाटतं.'

हळूहळू लोक पुतळे बघायला कमी आणि तिची मतं वाचायला जास्त यायला लागले. खेळणीवाला तिला तोंडावर मॅडम म्हणायचा आणि पाठ वळली की कपाळाला हात लावायचा. तिने नावं ठेवलेला माल दुकानात पडून राहायचा, आणि तो शेवटी तीच घेऊन जायची. "सोडून कशी देऊ," म्हणायची. "आपलेच आहेत."

सगळी पात्रं तिच्याकडे होती. नव्हता फक्त नावाडी.

तसा सिनेमात तो होता तरी किती? मध्यंतरानंतर यायचा. गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेला मफलर, बोलणं मोजकं. राक्षसाची माणसं मागे लागलेली असताना धुक्याच्या तळ्यावरून पोराबाळांना पलीकडे नेऊन सोडायचा. शेवटच्या खेपेला तो मुलीला काठावर उतरवतो आणि मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्यासाठी नाव पुन्हा वळवतो. मुलगी म्हणते, जाऊ नकोस. तो म्हणतो, "आलोच." नाव धुक्यात शिरते. पुढे मुलगी एकटी चालायला लागते आणि गोष्ट त्याला मागे टाकते. एवढ्याशा पात्राचा पुतळा कंपनी कशाला काढेल? पण बारकी दुकानात गेली की पहिला प्रश्न ठरलेला, "नावाडी आला का?" खेळणीवाला मान हलवायचा. "काढतील," बारकी म्हणायची आणि पिशवी खांद्याला लावून निघायची.

हा नावाडी तिला का हवा होता ते कळायला तिच्या बाबांच्या केबिनमध्ये जावं लागेल. बाबा गावातल्या एकुलत्या एक थिएटरात ऑपरेटर होते. पडद्यावरचे नट-नट्या सगळ्यांना माहीत असतात. मागच्या भिंतीआड जो माणूस घामाघूम होऊन सिनेमा चालवतो तो कोणाला माहीत नसतो. दोन मशिनं, उकाडा, पडद्यावर उजेड पाडणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळल्याचा वास. एक रीळ संपत आलं की दुसरं मशीन नेमक्या क्षणी सुरू करायचं, कांड्या जळून आखूड होतील तशा सरकवत राहायच्या आणि भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पडद्यावर लक्ष ठेवायचं. शाळा सुटली की बारकी लोखंडी जिना चढून तिथे जायची आणि स्टुलावर बसून दुसऱ्या झरोक्यातून सिनेमा बघायची. एक सिनेमा महिनाभर चालला की तो तिला महिनाभर दिसायचा.

आणि दादा होता. तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. तिला सायकलच्या दांड्यावर बसवून गावभर फिरवणारा. तो मालवाहू बोटीवर नोकरीला लागला. निघताना "येतो" म्हणाला, सगळेच म्हणतात तसं. वर्षभराने बोट परत आली, दादा आला नाही. कंपनीच्या माणसाने घरी येऊन सांगितलं, की कुठल्याशा बंदरावर तो पाय मोकळे करायला उतरला तो परत चढलाच नाही. बुडाला म्हणावं तर कोणी पाहिलं नव्हतं. पळून गेला म्हणावं तर पेटी, कपडे, सगळं बोटीवरच. रडावं की रागवावं, घराला तेवढंही ठरवता येईना. त्याचं नाव निघालं की आई उठून आतल्या खोलीत जायची, म्हणून नाव काढणं बंद झालं. काही वर्षांनी आईही गेली, पण पडलेला पायंडा तसाच राहिला. बाबांना त्रास नको म्हणून बारकी बोलायची नाही. आणि बाबा तर बातमी आली त्या दिवशीही संध्याकाळच्या खेळाला गेले होते. त्यांनी मनाला समजावलंय, असं तिने गृहीत धरलं.

दादाची बातमी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो सिनेमा गावात लागला. पडद्यावर नावाडी आला आणि दहा वर्षांची बारकी स्टुलावरून उभी राहिली. चेहरा दादासारखा मुळीच नव्हता. पण हात होते. वल्हं धरताना अंगठा बोटांवर न दाबता बाजूला मोकळा सोडायची ती लकब दादाची. सायकलचं हँडल तो तसंच धरायचा. आणि हा नावाडी "आलोच" म्हणून गेला तो मेला नव्हता. नुसता गेला होता. जो नुसता जातो तो कधीही येऊ शकतो. दहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरलं, आणि खरं सांगायचं तर पन्नास वर्षांच्या बाईलाही तेवढ्यावर भागवता येत होतं. घरात दादाचं नाव काढायची सोय नव्हती, नावाड्याचं होती. "बाबा, नावाडी आता कुठे असेल हो?" असं तिने विचारलं, की बाबा कांड्या सरकवता सरकवता म्हणायचे, "असेल पलीकडे कुठेतरी."

गावातही या नावाड्यावरून वाद रंगले होते. पुढच्या एका प्रसंगात मुलीच्या हातात अर्धं मोडलेलं वल्हं दिसायचं. ते आलं कुठून? न्हावी म्हणायचा, नावाड्याने आठवण म्हणून दिलं असणार. शिंप्याचं म्हणणं, वल्हं मोडलं म्हणून बिचारा नवं करायला बसला, म्हणूनच त्याला उशीर झाला. नाव धुक्यात शिरताना पडद्यावर एक बारीकसा झटका बसायचा आणि संगीतही मधेच उडी मारायचं. तो झटका बारकीचा सगळ्यांत आवडता. धुकं माणसाला गिळतं ते असं, एका घोटात, अशी तिची पक्की समजूत होती.

मग थिएटर बंद पडलं, तिथे सिमेंटचं गोदाम झालं. तो सिनेमा टीव्हीवर लागला, पुढे फोनवरसुद्धा मिळायला लागला, पण बारकीने तो परत पाहिला नाही. "हत्ती बघायचा तर दाराच्या फटीतून कशाला?" ती म्हणायची, आणि ऑपरेटरची मुलगी म्हणून लोकांना ते शोभूनही दिसायचं. खरं कारण निराळं होतं. एकदा पाहिलेलं पुन्हा पाहायला गेलो आणि ते तसं नसलं तर, ही भीती तिच्या पोटात होती. लग्नासाठी स्थळं आली तेव्हाही तिने असंच काहीबाही सांगून ती परतवली. हे घर सोडून मी गेले तर दादाने यायचं कुठे, हे ती कोणाला म्हणाली नाही.

तर एके दिवशी दुपारी खेळणीवाल्याचा फोन आला. "मॅडम, आला तुमचा माणूस." बारकीने अर्धवट मेण तसंच टाकलं, हात धुतले न धुतले, आणि जेवणाच्या सुट्टीत दुकान गाठलं. धापा टाकत आलेली बघून खेळणीवाल्याने आधी स्टूल पुढे केलं आणि मग खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. खोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'नावाडी: अखेरचा श्वास'.

खिडकीआड एक माणूस नावेत गुडघ्यावर बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. हातात मोडकं वल्हं. छातीत बाण, आणि बाणाभोवती मफलरवर लाल रंग.

"हा कोण?" बारकीने विचारलं.

"नावाडीच की."

"नावाडी असा कुठे आहे?"

"शेवटी, मॅडम. बाण लागतो त्याला तेव्हा."

"कोणाला?"

मॅडम आपली परीक्षा घेतायत असं वाटून खेळणीवाला जपून हसला. "तळ्यात मरतो ना तो. सगळ्यात फेमस सीन आहे तो. म्हणून तर काढला कंपनीने."

बारकी हसली नाही. तिने चष्मा पुसला, परत लावला. चेहरा, कपडे, नाव, एकेक करून सगळं पाहिलं. सगळ्यात शेवटी हात पाहिले. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर नव्हता, बाजूला मोकळा होता. इतक्या वर्षांत कोणी तिला तो हात परत दाखवला नव्हता, आणि दाखवला तो असा, मेलेल्या माणसाचा. तिला तिथे स्टुलावर बसल्या बसल्या हुंदका आला, पण चार गिऱ्हाइकं होती, म्हणून तिने तो रागाकडे वळवला. राग तिला केव्हाही जमायचा.

तिथेच फोन काढून तिने मत लिहिलं. 'हा पुतळा धादांत खोटा आहे. नावाडी मरत नाही. तो म्हाताऱ्याला आणायला धुक्यात जातो आणि गोष्ट त्याला तिथे सोडते. मी हा सिनेमा महिनाभर रोज पाहिला आहे, तेसुद्धा ऑपरेटरच्या केबिनमधून. कंपनीला नवीन काही सुचत नाही, म्हणून जिवंत माणसाच्या छातीत बाण खुपसून विकायला काढलाय. लाज वाटायला हवी. हात बरोबर आहेत.' मग खोकं पिशवीत घातलं आणि ती कामावर परत गेली. खोटा असला तरी त्याला तिथे ठेवून यायला तिचं मन होईना.

दुपारभर फोन खणखणत राहिला. एकाने लिहिलं होतं, 'ताई, सिनेमा पाहिलाय का तुम्ही?' दुसऱ्याने, 'बाईंना त्या सीनला झोप लागली होती वाटतं.' तिसऱ्याने तो प्रसंगच तिथे चिकटवला होता, बोट लावलं की सुरू होईल असा. जिच्या मतांना एवढे दिवस माना डोलावल्या, तिची टर उडवायला सगळे पुढे सरसावले. बारकीने त्या प्रसंगाला बोट लावलं नाही. तिने एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या कवळीत वरच्या दाढा खाली बसवल्या, आणि मालकांनी ते दाखवल्यावर उलट त्यांच्यावरच डाफरली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीशी बसून मटार सोलत होते. ऐंशीच्या पुढचं वय, नजर मंद झालेली, पण बोटं अजून कामाची. बारकीने चपला कशाबशा काढल्या आणि खोकं फोडून पुतळा त्यांच्या हातात दिला.

"बघा, काय करून ठेवलंय तुमच्या नावाड्याचं."

बाबांनी हात टॉवेलला पुसले. पुतळा उजेडाकडे धरला, नाकापाशी आणला, सावकाश फिरवून पाठीमागून पाहिला. बारकी वाट बघत होती की आता हे हसतील, कंपनीला एक शिवी हासडतील आणि आपल्या बाजूचं निदान एक माणूस तरी निघेल. बाबांनी अंगठ्याने बाण चाचपला.

"दोन होते," ते म्हणाले.

"काय दोन?"

"बाण. एक हा, छातीतला. आणि एक खांद्यात, मागून. खांद्यातला आधी लागतो, म्हणून तर हातातून वल्हं सुटतं आणि मोडतं. यांनी एकच दाखवलाय."

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुतळा मटारच्या शेंगांवर आडवा ठेवला.

"बाबा," बारकी म्हणाली, "तो मरत नाही. मी तुमच्या शेजारी बसून बघत होते रोज."

"तू बघत होतीस तो मी कापलेला होता."

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला बारकी शाळेत होती. थिएटर जवळजवळ रिकामं होतं, केबिनमधून त्यांनी एकट्याने तो पाहिला. नाव धुक्यात शिरते आणि पुढची चार-पाच मिनिटं धुक्याच्या आत काय होतं ते दाखवतात. बाण लागतात, नावाडी नावेत कोसळतो, नाव गोल गोल फिरत राहते आणि मफलर पाण्यात सुटून तरंगत जातो. खेळ संपल्यावर बाबांनी ते रीळ टेबलावर घेतलं, पात्याने तेवढा तुकडा काढला आणि दोन टोकं चिकटवून टाकली. तुकडा एका डब्यात घालून कपाटामागे सरकवला. सिनेमा गावातून हलला त्या दिवशी तो पुन्हा जोडून दिला. "वितरकाला कळलं असतं तर घरी बसवलं असतं मला. पुढच्या गावाला मात्र आख्खा गेला. तिथे तो मेला असेल."

"आणि तो झटका? धुक्यातला?"

"सांधा होता तो. मी मारलेल्या सांध्यांतला सगळ्यांत वाईट. हात स्थिर नव्हते."

बारकीच्या डोक्यात तिडीक गेली. "सगळ्या जगाला ठाऊक आहे तो मेला ते, आणि मी एकटी शहाणी भांडतेय. आज लोकांनी माझेच दात माझ्या घशात घातले, बाबा. कशाला केलंत असं? लहान होते मी, पण मला कळलं नसतं का? रडले असते आणि गप्प झाले असते. माझ्यासाठी म्हणून केलंत, आणि मला इतकी वर्षं त्या काठावर बसवून ठेवलंत."

"तुझ्यासाठी नाही केलं," बाबा म्हणाले.

"मग कोणासाठी?"

"तुझ्यासाठी केलं असतं तर बरं झालं असतं. तुला काय, तेवढ्यापुरतं चहा आणायला खाली पाठवता आलं असतं. मला तिथून हलता येत नव्हतं. कांड्यांवर नजर, पडद्यावर नजर. दिवसाला तीन खेळ. त्याला दिवसातून तीनदा तळ्यात मरताना बघायचं, आणि मशीन चालवणारा तरी कोण, तर मीच. पहिल्या खेळाला एकदा पाहिला. दुसऱ्या खेळाच्या आत पातं उचललं. मला नाही जमलं, बारके."

बारकी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. तिला आपल्या बापाचा हा चेहरा माहीत नव्हता. बातमीच्या दिवशी खेळाला जाणारा, कधी न रडलेला, कधी चौकशी न केलेला माणूस तिने एवढी वर्षं पाहिला होता, आणि मनातल्या मनात त्याच्यावर थोडा रागही धरला होता. वाट बघायचं काम या घरात आपल्या एकटीकडे आलंय असं ती समजून चालली होती. तिला त्यांची फार दया आली, आणि स्वतःचीही.

तिने फोन हातात घेतला. "मत काढून टाकते ते," म्हणाली. "खोटं आहे."

"असू दे. आपल्या गावात तसंच होतं," बाबा म्हणाले. "फक्त बाणाचं तेवढं लिही. दोन होते."

खिडकीबाहेर अजून उजेड होता. खाली कोणीतरी पोराला घरी बोलावत होतं. बारकीने पुतळा उचलून मांडीवर घेतला, आणि मग तिने आजवर न विचारलेला प्रश्न विचारला.

"तुम्ही अजून बघता वाट?"

"दार वाजलं की आधी तोच येतो मनात. मग दूधवाला निघतो," बाबा म्हणाले. "सवय झालीय. दूधवाल्यावर उगाच चिडतो मी. तू?"

आपलं उत्तर बारकीने कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला लागल्यावर ते तिलाच वेडेपणाचं वाटत होतं.

"माझ्याकडे मापं येतात ना, बाबा. कुठून कुठून येतात, लांबलांबच्या डॉक्टरांकडून. दादाचा वरचा डावा सुळा पुढे आलेला होता, आणि त्याच्या शेजारचा दात वळलेला, अर्धवट उघड्या दारासारखा. साचा हातात आला की मी आधी तिथे बघते. कामाला लागल्यापासून बघते. माणूस बोलत नसेल, नाव बदलून राहत असेल, पण दात दुखले की डॉक्टरकडे जाणारच ना कधीतरी."

बाबांनी मान वर केली. "आलं का कधी तसं?"

"एकदा आलं. अगदी तसंच. सुळा तसाच, दात तसाच. तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना फोन लावला, विचारलं, पेशंट कोण आहे हो तुमचा. ते म्हणाले, कॉलेजचा मुलगा आहे, बावीस वर्षांचा." तिने पुतळ्याच्या मफलरची घडी नीट केली. "तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बावीस वर्षांच्या पोराचे दात शोधत बसले होते. दादा आता साठीच्या पुढे असेल. ते दात राहिले असतील का त्याच्या तोंडात?"

"नसतील," बाबा म्हणाले. त्यांनी त्यावर खरोखरच विचार केलेला दिसला. "आपल्याकडे दात टिकत नाहीत. माझे पंचावन्नला गेले, माझ्या वडिलांचे त्याआधी."

"म्हणजे कवळी असणार."

"असणार."

"मग ती कोणीतरी दुसऱ्यानेच केली असणार," बारकी म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आवरेना. लोकांनी हसून घेतल्यावर आलं नव्हतं, बाण पाहून आलेलं दुकानात गिळलं होतं, ते सगळं एकदम आलं. "आणि ती त्याला नीट बसत नसणार, बाबा. टोचत असणार."

बाबांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "काढून ठेवत असेल. जरा काही टोचलेलं त्याला कधी सहन झालं नाही. शर्टाच्या मागचं लेबलसुद्धा मला कापून द्यावं लागायचं."